बोनसायला तार लावायच्या आधी त्याची पुढची बाजू ठरवा

संपादक साहेब, नमस्कार.

पेपरात हल्ली बोनसायवर बरंच छापून येतं, खत, माती, पाणी, फांद्या वळवायची तार सगळं असतं, पण झाडाची पुढची बाजू, म्हणजे ते कुठून बघायचं ती बाजू, कशी ठरवायची ह्यावर कोणी बोलतच नाही, आणि खरं काम तर तिथूनच सुरू होतं.

मागे दादरला एका वर्कशॉपला गेले होते. आल्या आल्या सगळ्यांच्या हातात कात्री. माझ्या शेजारच्या ताईंच्या फायकसची (वडाच्याच कुळातलं झाड) खालची जाड फांदी शिकवणाऱ्यांनी सरळ उडवली, चीक वाहायला लागला, मग कुंडी फिरवून बघतात तर त्या बाजूने बुंधा सगळ्यात छान दिसत होता आणि नेमकी तीच फांदी तिथे हवी होती. मला फार वाईट वाटलं. पानं परत येतात हो, आपल्या दमट हवेत फायकसला तर भराभर येतात, पण तेवढी फांदी जाड व्हायला वर्षं जातात.

म्हणून सुरुवात खालून करायची. वरची माती काडीने हळूहळू उकरायची, जुन्या टूथब्रशने मुळं साफ करायची, ह्या वर दिसणाऱ्या मुळांना जपानी लोक नेबारी म्हणतात. ती दोन्ही बाजूंना पसरलेली जिथून दिसतात ती बाजू लक्षात ठेवायची, एखादं जाड मूळ सरळ आपल्याकडे येत असेल तर थोडं फिरवायचं. मग बुंधा, तो खाली रुंद आणि वर निमुळता कुठून दिसतो, वळण कुठून दिसतं, मधलं पोट आपल्या अंगावर येत नाही ना. शेंडा मात्र किंचित आपल्याकडे झुकलेला चांगला. खालच्या भागात डोळ्यात घुसेल अशी फांदी समोर नको, आणि मागे एखादी हवीच, नाहीतर झाड चपटं दिसतं. कापल्याच्या जखमा मागे गेल्या तर उत्तम. नुसती कुंडी फिरवून जमत नसेल तर खाली एका बाजूला लाकडाचा तुकडा सरकवून बघा, थोडं कलतं केलं की तेच झाड वेगळं दिसतं, आणि पुढच्या रिपॉटिंगला, म्हणजे कुंडी-माती बदलताना, तोच कल पक्का करता येतो.

मुंबईत अजून एक भानगड आहे. आपली झाडं खिडकीच्या ग्रिलमध्ये, उजेड एकाच बाजूने, त्यामुळे पाला सगळा बाहेरच्या अंगाला आणि लोक तीच भरगच्च बाजू पुढची धरतात!! पाल्यावर जाऊ नका, कुंडी अधूनमधून फिरवली की दुसरीकडेही पाला येतो, मुळं आणि बुंधा एवढ्या सहज बदलत नाहीत. नर्सरीतल्या एस आकाराच्या फायकसचंही तसंच, तो एस ठसठशीत दिसतो तीच बाजू सगळे पुढे ठेवतात, जरासं फिरवलं तर वळण मागेपुढेही जातं आणि जास्त खरं वाटतं.

तर साहेब दोन विनंत्या. वड, पिंपळ, फायकसचं रिपॉटिंग आपल्याकडे बरेच जण पावसाच्या तोंडावर करतात, त्याआधी मे महिन्यात ह्या विषयावर एक सविस्तर लेख द्या. आणि बोनसायचे फोटो छापाल तेव्हा फोटोग्राफरला खाली बसून, झाडाच्या लेव्हलला कॅमेरा धरून काढायला सांगा, वरून काढलेल्या फोटोत नुसता पाला दिसतो आणि बुंधा गायब होतो.

- एक वाचक, मुलुंड