अर्धा गुण आणि एक भेग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर मोटार शर्यतींतील महिलांविषयी आलेला मजकूर वाचला. पुण्याच्या डायना पुंडोले यांनी 2024 मध्ये चारचाकींच्या राष्ट्रीय शर्यतींत विजेतेपद मिळवले आणि तसे करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या, ही गोष्ट आपण ठळकपणे छापली याचा आनंद झाला. मात्र त्याच पानावरच्या ‘हे माहीत आहे का?’ या चौकटीत लेल्ला लोम्बार्दी या इटालियन महिलेचा उल्लेख ‘फॉर्म्युला वनमध्ये अवघा अर्धा गुण मिळवणारी एकमेव महिला’ असा एका ओळीत उरकलेला पाहून मी अस्वस्थ झालो. ओळ खोटी नाही. पण त्यातला ‘अवघा’ हा शब्द वाचून कोणालाही असेच वाटेल की या बाईंची धाव अर्ध्या गुणापर्यंतच होती. कोल्हापुरात तीस वर्षे गॅरेज चालवलेला माणूस म्हणून या अर्ध्या गुणाविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

हा अर्धा गुण 27 एप्रिल 1975 चा आहे. बार्सिलोनातील मोंजुईक टेकडीवरच्या बागेतील रस्त्यांवर त्या दिवशी स्पॅनिश ग्रां प्री, म्हणजे फॉर्म्युला वनच्या जागतिक मालिकेतली स्पेनची शर्यत झाली. रस्त्याच्या कडेने लावलेल्या लोखंडी कठड्यांचे बोल्ट अनेक ठिकाणी नीट आवळलेले नव्हते, काही ठिकाणी ते नव्हतेच. चालकांनी सरावाला नकार दिला, तेव्हा संघांचे मेकॅनिक स्वतः पाने घेऊन ते बोल्ट आवळत फिरले. त्या वेळचे विश्वविजेते एमर्सन फित्तिपाल्दी यांनी शर्यतीत उतरायलाच नकार दिला. ज्यांची भीती होती ते कठडे प्रत्यक्षात निमित्त ठरले नाहीत. 26 व्या फेरीत आघाडीवर असलेल्या रोल्फ स्टोमेलन यांच्या गाडीचा मागचा पंखा, म्हणजे वेगात गाडीला रस्त्यावर दाबून धरणारी आडवी पट्टी, तुटला, गाडी कठड्यावरून पलीकडे गेली आणि माणसे दगावली. नियोजित 75 फेऱ्यांपैकी 29 फेऱ्या झाल्यावर शर्यत थांबवली गेली. योखेन मास पहिले आले आणि लोम्बार्दी सहाव्या. सहाव्या क्रमांकाला त्या काळी एक गुण मिळत असे, पण ठरलेले अंतर पुरे न झाल्यामुळे सगळ्यांनाच निम्मे गुण देण्यात आले. म्हणजे विजेत्या मास यांनाही नऊऐवजी साडेचारच गुण मिळाले. त्यांच्या नावापुढे ‘अवघे साडेचार’ असे लिहिलेले माझ्या तरी पाहण्यात नाही.

इटलीच्या उत्तरेकडील पीडमाँट प्रांतातल्या फ्रुगारोलो या लहान गावात 26 मार्च 1941 रोजी लोम्बार्दी यांचा जन्म झाला. वडिलांचा मांसविक्रीचा व्यवसाय होता, आणि माल पोहोचवणारी गाडी ही मुलगी चालवत असे. घरात रेसिंगची परंपरा नाही, पाठीशी वडिलोपार्जित पैसा नाही. खालच्या दर्जाच्या लहान गाड्यांच्या शर्यतींपासून एकेक पायरी चढत त्या फॉर्म्युला थ्री आणि पुढे इंग्लंडमधल्या फॉर्म्युला 5000 पर्यंत पोहोचल्या. 1974 च्या ब्रिटिश ग्रां प्रीत त्यांना पात्रता गाठता आली नाही. 1975 मध्ये मार्च या संघाच्या गाडीतून त्या दक्षिण आफ्रिकेच्या शर्यतीत प्रत्यक्ष उतरल्या, तेव्हा फॉर्म्युला वनच्या जागतिक शर्यतीत एखादी महिला दिसण्याची 1958 नंतरची ती पहिलीच वेळ होती. 1958 मध्ये मारिया तेरेसा दे फिलिपिस यांनी मासेराटीतून तीन शर्यती केल्या होत्या. मधली सोळा वर्षे कोरी गेली.

आता ज्या गोष्टीसाठी मी लेखणी हातात घेतली तिच्याकडे येतो. 1975 च्या हंगामात लोम्बार्दी आपल्या संघाला सांगत राहिल्या की गाडीचे मागचे अंग वळणावर नीट वागत नाही. त्यांचे म्हणणे कोणी फारसे मनावर घेतले नाही. पुढच्या वर्षी त्यांची गाडी रॉनी पीटरसन यांच्याकडे गेली. पीटरसन हे त्या काळातल्या सर्वांत वेगवान चालकांपैकी एक. त्यांनीही तीच तक्रार केली, तेव्हा गाडी उघडून पाहण्यात आली आणि चासीच्या मागच्या बाजूचा मॅग्नेशियमचा ओतीव भाग तडकलेला निघाला. हे कोणा चाहत्याने रचलेले नाही, ती गाडी तयार करणाऱ्या संघाचे अभियंते रॉबिन हर्ड यांनीच पुढे सांगितले आहे.

आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकामाची परंपरा मोठी आहे, त्यामुळे तडकलेले कास्टिंग म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायला नको. चांगल्या कास्टिंगवर हातोडीने हलकेच टोला दिला की ते घंटेसारखे वाजते, भेग असेल तर बद्द आवाज येतो. भेग डोळ्यांना दिसत नसेल तर तेथे रॉकेल लावून कोरडे पुसायचे आणि वरून खडू फासायचा, थोड्या वेळाने पांढऱ्यावर केसासारखी ओली रेघ उमटते. पण हे सगळे भाग सुटा करून समोर ठेवल्यावर. गाडीत बसवलेल्या, सस्पेन्शनचा भार झेलणाऱ्या भागातली भेग बाहेरून कोणाला दिसणार? गाडी उभी असताना ती मिटलेली असते आणि वळणावर जोर आला की उघडते. ती कळते फक्त चालवणाऱ्याला, सीटमधून आणि स्टिअरिंगमधून. म्हणूनच चालकाचा शब्द हे मेकॅनिकचे पहिले हत्यार असते. तो शब्द बाईचा आहे म्हणून बाजूला ठेवला, तर तपासायचे कशाच्या आधारावर?

हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवण्यासाठी लिहीत नाही. नव्वदच्या दशकात एक शिक्षिका आपली लहान मोटार घेऊन माझ्या गॅरेजमध्ये येत. वळणावर गाडी मागून सुटल्यासारखी वाटते, असे त्यांचे म्हणणे होते. मी टायरांतली हवा तपासली, एक चक्कर मारून पाहिली आणि ‘मॅडम, वळणावर जरा बेताने घेत जा’ असे सांगून त्यांना परत पाठवले. असे तीनदा झाले. चौथ्या वेळी त्यांचे यजमान आले. आदल्या रविवारी गगनबावड्याच्या घाटात गाडी त्यांनी चालवली होती, आणि ‘वळणावर मागून सुटते’ हेच शब्द त्यांनी उच्चारले. मी त्याच तासाला गाडी जॅकवर घेतली. मागच्या अ‍ॅक्सलला धरणाऱ्या ब्रॅकेटवर चिखल आणि तेलाचा काळा थर बसला होता, तो रॉकेलने पुसल्यावर वेल्डिंगला गेलेली बोटभर भेग दिसली. वाक्य तेच, गाडी तीच. चालवणारे मात्र निराळे होते. त्या बाई शाळेतल्या मुलांना घेऊन त्याच गाडीतून स्पर्धांना जात असत, हे मला नंतर समजले. मी त्यांची माफी मागितली, पण घाटात काही घडले असते तर ती माफी घ्यायला कोण असते, हा विचार अजून पाठ सोडत नाही. लोम्बार्दी यांच्या गाडीची हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा मला पीटरसन नव्हे, तो जॅक आणि तो काळा थर आठवला.

लोम्बार्दी यांच्या गाडीतली ही भेग डोळ्यांपुढे ठेवून त्यांची कामगिरी पाहावी अशी माझी विनंती आहे. 1975 मध्येच ऑगस्टमध्ये न्युर्बुर्गरिंगला जर्मन ग्रां प्री झाली. हा जुना मार्ग जंगलातून, चढउतारांवरून जाणारा, एकेक फेरी बावीस किलोमीटरांहून अधिक लांबीची, आणि अशा चौदा फेऱ्या. त्या दिवशी टायर फुटण्याचे प्रकार इतके झाले की मोजक्याच गाड्या शेवटपर्यंत टिकल्या. लोम्बार्दी यांनी ती शर्यत पुरी केली आणि त्या सातव्या आल्या. तेव्हाच्या नियमाप्रमाणे सातव्या क्रमांकाला गुण नव्हता, म्हणून आपल्या चौकटीत ही शर्यत येणारच नाही. माझ्या मते मात्र त्यांच्या फॉर्म्युला वनमधल्या वर्षांत हीच कामगिरी सर्वांत मोठी आहे.

1976 च्या पहिल्या शर्यतीनंतर मार्च संघातली त्यांची जागा पीटरसन यांना मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात एका जुन्या ब्रॅबहम गाडीतून त्या बाराव्या आल्या, आणि तो त्यांचा फॉर्म्युला वनमधला शेवटचा सहभाग ठरला. रेसिंग मात्र त्यांनी सोडले नाही. 1979 मध्ये सिसिलीतील पेर्गुसा आणि 1981 मध्ये मुजेल्लो येथील सहा तासांच्या शर्यती त्यांनी सहचालकांसोबत ओसेल्ला गाडीतून जिंकल्या. स्पर्धेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःचा रेसिंग संघ उभा केला. 3 मार्च 1992 रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना एक्कावन्नावे वर्षही पुरे व्हायचे होते.

ऑस्ट्रियातल्या त्या दिवसानंतर फॉर्म्युला वनच्या जागतिक शर्यतीत आजपर्यंत एकही महिला प्रत्यक्ष उतरलेली नाही. डिव्हिना गॅलिका, डेझिरे विल्सन आणि जोव्हाना आमाती यांनी प्रयत्न केले, पण पात्रता फेरीतच त्यांना थांबावे लागले. त्यांपैकी विल्सन यांनी 1980 मध्ये ब्रँड्स हॅच येथे ब्रिटिश मालिकेतील शर्यत फॉर्म्युला वनच्या गाडीतून जिंकली होती, तरीही त्यांच्यासाठी कायमची जागा निघाली नाही. कोणाला कोणती गाडी मिळाली, ती किती जुनी होती, सरावासाठी किती दिवस आणि किती टायर मिळाले, तक्रार केल्यावर गाडी उघडली गेली की नाही, हे ठाऊक असल्याशिवाय अशा आकड्यांतून कोणाचीच पात्रता ठरवता येत नाही.

म्हणून दोन विनंत्या करतो. पहिली अशी की त्या चौकटीतली ओळ पुन्हा छापण्याची वेळ आली, तर ‘अवघा’ हा शब्द काढावा आणि निम्मे गुण का दिले गेले हे सांगणारे एक वाक्य जोडावे. दुसरी विनंती आपल्या क्रीडा प्रतिनिधींना आहे. डायना पुंडोले यांची मुलाखत घेण्याचा योग येईल तेव्हा घर आणि रेसिंग या दोन्ही गोष्टी कशा सांभाळता, हा प्रश्न या वेळी राहू द्यावा. त्यांनी गाडीच्या सेटिंगमध्ये शर्यतीच्या दिवशी काय बदल करून घेतला, कोणत्या वळणावर वेळ वाचवला आणि त्यांच्या मेकॅनिकशी त्यांचे बोलणे कसे चालते, हे विचारावे. मी तो अंक जपून ठेवीन.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त गॅरेजचालक, कोल्हापूर