पाककृतीसोबत उभे राहण्याचा वेळही छापावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नोकरदारांसाठी ‘वीस मिनिटांत जेवण’ छापाच्या पाककृती नेमाने येतात. त्यांपैकी बऱ्याच मी करून पाहिल्या. वीस मिनिटे खरी, पण ती सगळी शेगडीसमोर झारा हातात धरून काढावी लागतात. फोर्टहून मुलुंडपर्यंत लोकलने उभ्याने आलेल्या बाईला पदार्थ लवकर होण्यापेक्षा तो आपला आपण शिजावा याची निकड अधिक असते, आणि ती सोय आपल्याकडे पातेल्यावर पाण्याचे ताट ठेवून केव्हाच झालेली आहे.

अर्ध्या किलो मटणाचे उदाहरण घेते. मटणवाल्याकडे खांदा किंवा गर्दन मागावी, कारण त्यातला चिवट भागच मंद आचेवर विरघळून रस्सा दाट करतो. हळद, मीठ, आले-लसणाचे वाटण सकाळीच चोळून मटण फ्रीजमध्ये ठेवावे. संध्याकाळी जाड बुडाच्या पातेल्यात कांदा लालसर करून त्यात मटण चांगले परतावे, मसाला घालावा आणि वर ताट ठेवून त्यात पाणी ओतावे. ताटाच्या गारव्याने आतल्या वाफेचे पाणी होऊन थेंब थेंब मटणावरच पडते. ताटातले पाणी कढत झाले की लागेल तेवढे पातेल्यात ओतायचे, म्हणजे उकळी मोडत नाही, आणि ताटात पुन्हा गार पाणी घालायचे. इथवर हाताचे काम वीस मिनिटांचेच. पुढच्या सव्वा-दीड तासात मुलांचा अभ्यास होतो. मात्र अधूनमधून ताटाकडे पाहावे आणि गॅस चालू ठेवून घराबाहेर पडू नये. भरली वांगी याच रीतीने अर्ध्या तासात होतात.

कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जात असल्याने हेच काम कमी वेळात आणि कमी गॅसवर होते, हे मान्य. पण त्यात पाणी फारसे आटत नाही, रस्सा पुष्कळदा पाणचट राहतो आणि मध्येच चवही पाहता येत नाही. साडेआठला घरी पोहोचणाऱ्यांनी अर्थात कुकरच लावावा. तत्त्वासाठी उपाशी राहण्यात अर्थ नाही. त्यांना रविवारी दुप्पट मटण करून, शिजल्यापासून दोन तासांच्या आत निववून फ्रीजमध्ये ठेवता येईल. सोमवारी ते अधिकच मुरलेले लागते.

तेव्हा एवढीच विनंती की, यापुढे पाककृतीखाली एकूण वेळेबरोबर शेगडीसमोर उभे राहण्याचा वेळही वेगळा छापावा.

आपली,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई