छत्री बसवताना रेडिओही लावून द्यावा

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

ज्या घराच्या गच्चीवर किंवा पत्र्यावर डीडी फ्री डिशची छत्री उभी आहे, त्या घरात दूरदर्शनच्या चित्रांबरोबरच आकाशवाणीच्या अनेक वाहिन्याही, एक पैसा मासिक वर्गणी न घेता, रात्रंदिवस येऊन पोहोचत असतात. विविधभारती त्यांत आहे, मराठी कार्यक्रम आहेत, आणि २६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झालेली, चोवीस तास शास्त्रीय संगीताला वाहिलेली ‘रागम’ ही वाहिनीही आहे. तरीही साताऱ्यातील माझ्या ओळखीच्या दहा घरांत चौकशी केली, तर नऊ घरांत ही गोष्ट कोणाला ठाऊक नसते, आणि दहाव्या घरात ठाऊक असली तरी आवाज तुटतो म्हणून कोणी ऐकत नसते. या दोन्ही अडचणी दूर होण्याजोग्या आहेत, हे स्वतःच्या घरी अनुभवल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

माझ्या आईचे वय ऐंशीच्या पुढे आहे आणि काचबिंदूमुळे तिची दृष्टी जवळजवळ गेली आहे. तिला दूरचित्रवाणीचा काही उपयोग नाही. तिचा दिवस जातो तो रेडिओवर. आम्ही राहतो माची पेठेत, म्हणजे अजिंक्यतारा किल्ल्याच्या अगदी पायथ्याशी, आणि आमच्या घरात साध्या रेडिओवर खरखरीवाचून लागणारी स्थानके मोजकीच आहेत. एफएमच्या लहरी डोंगराला फारसा वळसा घालत नाहीत, त्यामुळे आपल्या जिल्ह्यात जावळी, पाटण, महाबळेश्वरकडच्या खोऱ्यांत एका वाडीत स्वच्छ लागणारे स्थानक पुढच्या वाडीत लागत नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे. उपग्रहाच्या सिग्नलचे तसे नाही. तो वरून येतो, आणि आपल्याकडे तर चांगलाच वरून येतो, पण ते आम्हाला फार उशिरा कळले.

उपग्रहावरून येणारा रेडिओ आमच्या घराला नवा नाही. सन २००० मध्ये सोडलेल्या ‘एशियास्टार’ या उपग्रहावरून वर्ल्डस्पेस या कंपनीची रेडिओ सेवा येत असे, तेव्हा वडिलांनी तिचा संच घेतला होता. वहीएवढा तिचा चपटा अँटेना पूर्वेकडच्या खिडकीत ठेवला की घरात हिंदुस्थानी संगीत अखंड वाहत असे, आणि त्या लहरींची लांबी जरा जास्त असल्यामुळे भर पावसातही आवाज क्वचितच तुटे. ती कंपनी अमेरिकेत २००८ साली दिवाळखोरीत गेली आणि २००९ च्या अखेरीस भारतातील सेवाही थांबली. त्यानंतर कितीतरी वर्षे आम्ही असेच समजत होतो की, घरात उपग्रहाचा रेडिओ ऐकण्याचे दिवस संपले. तोवर गच्चीवर फ्री डिशची छत्री येऊन बसली होती, आणि तिच्या रिमोटवरचे रेडिओचे बटण आमच्यापैकी कोणीही एकदासुद्धा दाबून पाहिले नव्हते.

छत्री बसवण्यासाठी आलेल्या कारागिराने प्रथम सांगितले होते की, किल्ला आडवा येतो, म्हणून दहा फुटी खांब उभारावा लागेल. आम्ही त्याच्या शब्दावर खांब उभारला, त्याचे पैसे मोजले, आणि पुढच्या पावसाळ्यात वाऱ्याने तो खांब डोलू लागल्यावर आवाज आणखीच तुटू लागला. पुढे मी स्वतः थोडे गणित मांडून पाहिले. फ्री डिशचे कार्यक्रम ज्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात, तो विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे. साताऱ्यातून पाहिले तर तो उत्तरेपासून उजवीकडे सुमारे १३१ अंशांवर, म्हणजे आग्नेयेच्या किंचित अलीकडे पूर्वेला, आणि क्षितिजापासून जवळजवळ ६० अंश उंच दिसावा. शाळेतल्या कोनमापकाला दोरा बांधून, दोऱ्याला एक नट लटकवून मी आमच्या गच्चीतून किल्ल्याचा माथा मोजला, तर तो याच्या निम्म्यापर्यंतही जेमतेम पोहोचला. किल्ला कधीच आडवा येत नव्हता. आडवा येत होता तो शेजारच्या परसातला आंबा, आणि खांबावर चढवलेली छत्री नेमकी त्याच्या शेंड्यासमोर आली होती. आता छत्री गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, कठड्याला लागून, केवळ दोन फूट उंचीवर घट्ट बसवली आहे आणि पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली चालते.

हा ६० अंशांचा आकडा आपल्या भागातील प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. सांगली-मिरजेत तो एखाद्या अंशाने वाढतो, एवढाच फरक. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की, छत्रीच्या पातळीपासून १७ फूट वर जाणारी भिंत किंवा झाड त्या दिशेला १० फुटांहून अधिक अंतरावर असेल, तर ते आड येत नाही. दूरच्या डोंगराची धास्ती घेण्याचे कारण नाही. पाहायचे ते जवळचे झाड, पाण्याची टाकी आणि शेजारचा जिना. छत्रीच्या तोंडाकडे पाहून मात्र फसगत होते, कारण या छत्र्यांची घडणच अशी असते की त्या प्रत्यक्षात ज्या उंचीकडे पाहतात त्याहून बऱ्याच खाली पाहत असल्यासारख्या वाटतात. आपली छत्री समोरच्या घराच्या भिंतीकडे रोखलेली दिसते म्हणून कोणी तिला आणखी वर उचलू नये.

जागा मोकळी आहे की नाही हे पाहण्याचा एक बिनखर्चाचा उपाय निसर्गानेच ठेवला आहे. साधारण १३ मार्चच्या सुमारास आणि पुन्हा सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागतो त्या दोन-चार दिवसांत, सकाळी अकराच्या आसपास, आपल्याकडून पाहता सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी छत्रीवर पूर्ण ऊन असेल, कशाचीही सावली नसेल, तर उपग्रहाची वाट मोकळी आहे असे खुशाल समजावे. याच दिवसांत सूर्याच्या स्वतःच्या लहरींमुळे काही मिनिटे सिग्नल बुडतो आणि आपोआप परत येतो. आमच्याकडे एका ऑक्टोबरात तीन दिवस सकाळी अकराला रेडिओ गप्प झाला, तेव्हा दुरुस्तीला आलेल्या माणसाने एलएनबी, म्हणजे छत्रीच्या दांड्यावरचा सिग्नल झेलणारा भाग, गेला आहे, नवा घ्यावा लागेल, असे सांगितले. सुदैवाने त्या दिवशी त्याच्याकडे नवा नव्हता. चौथ्या-पाचव्या दिवसापासून जुनाच एलएनबी पूर्ववत चालू लागला आणि आजही तोच आहे.

आता आवाज तुटण्याविषयी. चित्राचा एखादा चौकोन क्षणभर फुटला तर डोळा तो सोडून देतो. पण आलाप मध्येच तुटला की कानाला तो लगेच बोचतो. म्हणून दूरचित्रवाणीपुरती ‘ठीक’ लावलेली छत्री रेडिओसाठी ठीक असतेच असे नाही. कारागीर पडद्यावर चित्र उमटले की नट आवळून खाली उतरतात. वास्तविक सेट-टॉप बॉक्सच्या मेनूमध्ये सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात, एक स्ट्रेंग्थची आणि दुसरी क्वालिटीची. पहिली पट्टी छत्री भलतीकडे असली तरी बरीच भरलेली दिसते, कारण ती नुसत्या गोंगाटानेही भरते. पाहायची ती दुसरी. एकाने खाली पडद्यासमोर बसून आकडा मोठ्याने सांगावा, दुसऱ्याने वर छत्री अगदी केसाकेसाने सरकवावी, आकडा चढून पुन्हा उतरू लागला की मागे येऊन सर्वांत वरच्या आकड्यावर थांबावे, आणि मग एलएनबीही त्याच्या पकडीत सावकाश फिरवून पाहावा. घाई केली तर हाती काही लागत नाही, कारण दोन फुटी छत्रीची कडा पाऊण सेंटिमीटरभर हलली तरी सिग्नल निम्म्यावर येतो. आमच्या साताऱ्यातला वारा आणि गच्च्यांवरून फिरणारी माकडे पाहता, नट आवळल्यावर त्यांच्याशेजारी रंगाची एक खूण करून ठेवणे उपयोगाचे ठरते; पुढे छत्री हलली आहे का, हे त्या खुणेवरून एका नजरेत कळते. दिशा पाहण्यासाठी मोबाइलमधील होकायंत्र वापरत असाल तर ते छत्रीपासून आणि पत्र्यापासून चार पावले दूर धरावे, लोखंडाजवळ ते खोटे दाखवते.

केबलचाही दोष पुष्कळदा असतो. आमची केबल छत्रीकडून सरळ उतरत खिडकीतून आत येत होती आणि पावसाचे पाणी तिच्याच अंगावरून ओघळत बॉक्सच्या जोडापर्यंत पोहोचत होते. जोड उघडला तेव्हा आतली तांब्याची तार हिरवी पडलेली होती. तो तुकडा कापून टाकला, नवा जोड बसवला, आणि खिडकीत शिरण्यापूर्वी केबलला खाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून जाते. एवढ्यानेच क्वालिटीचा आकडा चांगलाच वर चढला.

पावसापुढे मात्र कोणाचे पूर्ण चालत नाही. फ्री डिशच्या लहरींची लांबी अडीच-पावणेतीन सेंटिमीटर असते, आणि इतक्या आखूड लहरी जोरदार सरींत विरून जातात. माझी बहीण पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात दिली आहे. तिच्याकडे आषाढात रेडिओ तासन्‌तास बंद पडे. तिथे दोन फुटांची छत्री काढून तीन फुटांची बसवली. क्षेत्रफळ सव्वादोन पट झाल्यामुळे आता साध्या पावसात आवाज तुटत नाही आणि मुसळधार सर ओसरली की लगेच परत येतो. ज्या जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी ५ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण-खटावात त्याच्या दशांशाच्या आसपास, त्या जिल्ह्यात सगळीकडे एकाच मापाची छत्री विकली जावी, हे मला पटत नाही. माणदेशात दोन फुटांची छत्री भरपूर आहे. डोंगराकडच्या गावांना विक्रेत्यांनी मोठीच सुचवावी.

एवढे सगळे जमल्यावरही आमच्या घरात मुख्य अडचण उरलीच होती, आणि ती तांत्रिक नाही. रेडिओ ऐकण्यासाठी दूरचित्रवाणी संच लावावा लागतो, यादी पडद्यावर येते, आणि ज्या माणसाला रेडिओची सर्वांत अधिक गरज आहे त्या माणसालाच पडदा दिसत नाही. यावर आम्ही काढलेला मार्ग असा : बॉक्सच्या मागे लाल आणि पांढऱ्या रंगाच्या ज्या दोन आवाजाच्या जागा असतात, त्यांतून तार घेऊन वडिलांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडली. टीव्ही बंद ठेवला तरी बॉक्स चालू राहतो आणि आवाज अ‍ॅम्प्लिफायरमधून येतो. आवडीच्या चार वाहिन्यांचे क्रमांक आईने पाठ केले, आणि रिमोटवरच्या रेडिओच्या बटणावर मी रबराचा एक उंचवटा चिकटवून दिला. पहाटे आम्ही उठण्यापूर्वी ती अंधारात बोटांनी तो उंचवटा चाचपते, आकडे दाबते, आणि स्वयंपाकघरापर्यंत तंबोऱ्याचा षड्ज ऐकू येऊ लागतो. क्रमांक बदलले जातात तेव्हा मात्र तिची फार कुचंबणा होते. बदल पडद्यावर कळतो, कानाला कळत नाही.

मोबाइलवर हेच सारे ऐकता येते, मग छत्रीचा खटाटोप कशाला, असे काही जण विचारतील. ज्यांच्याकडे मोबाइलची रेंज आहे, डेटा भरण्याची ऐपत आहे आणि काचेवर बोट फिरवण्याची सवय आहे, त्यांनी तसे जरूर ऐकावे. आमच्या डोंगराकडच्या वाड्यांत या तिन्ही गोष्टी एकत्र असलेली म्हातारी माणसे मला फारशी भेटलेली नाहीत. छत्री मात्र त्यांच्या दारात आधीपासूनच उभी आहे. वीज गेली की तीही गप्प होते हे खरे, म्हणून सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर कोणी मोडीत काढू नये.

या पार्श्वभूमीवर माझी प्रसारभारतीला विनंती आहे की, फ्री डिशवरील रेडिओ वाहिन्यांची मराठी यादी, क्रमांकांसह, मोठ्या टाइपात छापून पोस्ट कार्यालये आणि ग्रामपंचायतींमध्ये लावावी. क्रमांक बदलणार असतील तर त्याची सूचना त्याच वाहिनीवर आठवडाभर आधीपासून बोलून द्यावी, आणि वाहिनी लागताच तिचे नाव ऐकू येईल अशी सोय बॉक्समध्ये व्हावी, यासाठी उत्पादकांना सांगावे. जिल्ह्यातील विक्रेत्यांना आणि कारागिरांना माझे इतकेच सांगणे आहे की, छत्री बसवून खाली उतरल्यावर चित्र दाखवून पैसे घेण्याआधी रिमोटवरचे रेडिओचे बटण दाबावे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विविधभारती लावून द्यावी. त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

ज्या वाचकांना दिशा किंवा उंची ठरवताना अडचण येत असेल, त्यांनी या पत्रातील आकडे कापून छत्री लावायला चढणाऱ्या माणसाच्या हाती द्यावेत. सातारा, कराड, सांगली, मिरज या सर्व ठिकाणी १३० ते १३१ अंश दिशा आणि ६० अंशांच्या आसपास उंची धरून सुरुवात केली, तर पुढचे काम क्वालिटीची पट्टी करून देते.

आपला,
एक श्रोता
माची पेठ, सातारा