मंगळवारच्या स्लॉटवाल्याकडून

प्रिय ताई,

पेपर स्वीकारला गेला. दुसऱ्या आकृतीतले चारही फोटो तुमच्या खोलीतल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर काढलेले. आभाराच्या ओळीत मात्र नुसतं ‘टीईएम (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) सुविधा’ एवढंच छापून येणार, कारण तशी पद्धत आहे. मला ती पटत नाही, म्हणून हे जाहीर पत्र. (नाव इथेही घालत नाही, तुम्हाला आवडणार नाही.)

200 किलोव्होल्टला इलेक्ट्रॉनची तरंगलांबी जेमतेम 0.0025 नॅनोमीटर, हे आम्ही परीक्षेत लिहून आलेलो असतो. खरी गंमत त्या 3 मिलिमीटरच्या तांब्याच्या ग्रिडवर, म्हणजे नमुना ठेवायच्या बारीक जाळीवर असते, हे तुमच्याकडे आल्यावर कळतं. चिमट्याने फक्त कड धरायची, कार्बनचा थर असलेली बाजू उजेडात तिरकी करून ओळखायची, नमुन्याचा थेंब टेकवायचा, जरा थांबायचं आणि फाडलेल्या फिल्टर पेपरची कड लावून पाणी ओढून घ्यायचं. मग युरॅनिल ॲसिटेट, म्हणजे नमुन्याभोवतीचा भाग गडद करणारं द्रावण. “बफर फॉस्फेटचा आहे का?” हा तुमचा प्रत्येकाला ठरलेला प्रश्न. नमुना ज्या बफर द्रावणात असतो त्यातलं फॉस्फेट उरलं तर युरॅनिलचा साका बसतो आणि पडद्यावर नमुन्याऐवजी काळे ठिपके. 2020 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने (एनआयव्ही) देशातल्या पहिल्या करोना रुग्णाच्या घशातल्या नमुन्यात टिपलेला 75 नॅनोमीटरचा कण निगेटिव्ह स्टेनिंगनेच (भोवती गडद, कण फिका) दिसला, हेही तुम्हीच सांगितलंत.

आमचा नमुना म्हणजे पेशींनी बाहेर टाकलेल्या सूक्ष्म पिशव्या, बहुतेक 30 ते 150 नॅनोमीटरच्या. पडद्यावर त्या वाटीसारख्या दिसल्या, कित्येक पेपरांत दिसतात तशाच. आम्ही खूश! तुम्ही शांतपणे म्हणालात, “ही वाटी वाळल्यामुळे झालीय. पाण्यात त्या गोलच असतात.” आणि जुन्या फोल्डरमधून क्रायोचे, म्हणजे नमुना न वाळवता गोठवून घेतलेले फोटो काढून दाखवलेत. द्रव नायट्रोजनच्या थंडीत, पातळ बर्फात अडकलेल्या गोल गरगरीत पिशव्या, कडेचा दुपदरी पडदासुद्धा स्पष्ट. मला वाटतं, आमच्या गाइडने वर्षभरात शिकवलं नसेल ते त्या दहा मिनिटांत झालं. (गाइड हे वाचणार आहेत. वाचू देत.)

तुमचा दुसरा हट्ट म्हणजे, सुंदर कोपरा शोधत बसायचं नाही. ग्रिडचे बरेच चौकोन फिरायचे, रिकामे निघाले तरी नोंदवायचे आणि कमी मॅग्निफिकेशनचा एक फोटो घेतल्याशिवाय बीम बंद करायचा नाही. तेव्हा कंटाळा यायचा. पेपरच्या परीक्षकांनी जादा मागितला तो नेमका तोच फोटो, आणि तो आमच्याकडे तयार होता.

पुढच्या महिन्यात सोन्याचे नॅनोकण घेऊन येतोय. बफर सायट्रेटचा आहे, आधीच सांगून ठेवतो.

तुमचा,
मंगळवारचा स्लॉटवाला