रांग मुलांना मोजून दाखवावी

महोदय,

लहान मुलांना रांगेत उभे राहण्याचा धीरच नसतो, अशी तक्रार करणारा लेख आपल्या पुरवणीत वाचला. ती मला मान्य नाही. ३-४ वर्षांच्या मुलाला ‘५ मिनिटे थांब’ म्हटल्याने काहीच बोध होत नाही, कारण घड्याळातला वेळ त्याला अजून उमगलेला नसतो. पुढे उभी असलेली माणसे मात्र त्याला दिसतात आणि मोजताही येतात. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत पाळण्याच्या रांगेत मी नातीला ‘आपल्यापुढे चौघे, आता तिघे’ असे मोजायला लावले, तेव्हा ती हट्ट न करता उभी राहिली. मध्येच घुसलेल्या एका गृहस्थांना मात्र आम्ही कोणीच हटकले नाही, आणि ‘त्यांचा नंबर आधी कसा?’ या तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

– एक आजी, सोलापूर