गावकीची खोली दुबईत का नाही?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी गुहागर तालुक्यातला, एसी मेकॅनिक, ऑक्टोबर 2023 पासून दुबईत आहे आणि सध्या महिन्याच्या सुट्टीवर घरी आलोय. आल्यापासून आठ दिवसांत वाडीतली तीन पोरं भेटून गेली, तिघांचं विचारणं एकच, दादा व्हिजिट व्हिसावर येऊ का, तिकडे गेल्यावर मिळेल ना काहीतरी. मी उलट विचारलं की उतरल्यावर पहिल्या रात्री झोपणार कुठे. एकालाही सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र.

आमचे आजोबा दाभोळहून बोटीने मुंबईला गेलेले, गिरणीत लागायला. खिशात फारसं काय नव्हतं, पण पत्ता होता, परळमधल्या गावकीच्या खोलीचा. हल्लीच्या पोरांना ही भानगड माहीत नसते म्हणून सांगतो. गावाने मिळून चाळीत एक खोली घेतलेली असायची, दर महिन्याला वर्गणी, तीस-पस्तीस माणसं एका खोलीत पण गिरणीच्या पाळ्या वेगळ्या म्हणून झोपायच्याही पाळ्या, प्रत्येकाची पत्र्याची पेटी, खुंटीला सदरा, जेवण खानावळीत. नवीन आलेल्याची वर्गणी काम लागेपर्यंत वहीत मांडून ठेवायचे आणि खोलीतलाच कोणीतरी त्याला गिरणीच्या गेटवर नेऊन बदली कामगार म्हणून लावायचा प्रयत्न करायचा. आजोबांना दीड महिना काम नव्हतं, ते हे हसत सांगायचे, कारण त्या दीड महिन्यात एक दिवस उपाशी झोपले नाहीत.

आता माझं ऐका. मला एजंट भेटला, नाव लिहीत नाही. 85 हजार घेतले, पावती नाही, साध्या कागदावर सही. म्हणाला व्हिसा तयार, नोकरी तयार, तिकडे आमचा माणूस घ्यायला येईल. ऑफर लेटरपण दिलं, रंगीत लेटरहेड, खाली गोल शिक्का, बघून आई देवाजवळ ठेवून आली. दुबई एअरपोर्टला मी रात्री अडीचला उतरलो आणि त्या माणसाचा फोन बंद. सकाळी देरा या दुबईतल्या जुन्या भागात एका टायपिंग सेंटरवाल्याला, म्हणजे व्हिसाचे, सरकारी फॉर्म भरून देणाऱ्याला, ते लेटर दाखवलं, त्याने एकदा उलटं करून बघितलं आणि परत दिलं. खरं ऑफर लेटर तिकडच्या कामगार मंत्रालयाच्या सिस्टिममधून निघतं, त्यावर नंबर असतो, तो ऑनलाइन तपासता येतो. माझ्यावर नंबरच नव्हता. हे मला लोटे एमआयडीसीत नोकरीत असताना कोणी दोन मिनिटं सांगितलं असतं तर.

बरं, व्हिसा कसला तर 60 दिवसांचा व्हिजिट. त्यावर काम शोधता येतं पण करता येत नाही, वर्क परमिट नसताना माणूस कामाला ठेवला तर कंपनीला मोठा दंड आहे आणि आता 2024 पासून तो 1 लाख दिरहमपासून सुरू होतो. व्हिसा संपून राहिलात तर दिवसाला 50 दिरहम तुमच्या अंगावर. त्यामुळे कॅलेंडर बघत जगायचं.

राहायला बेडस्पेस मिळाली, देऱ्यातच नाइफ भागाच्या मागे, महिना 650 दिरहम, तेव्हा दिरहम साडेबावीस रुपयांच्या आसपास होता म्हणजे साडेचौदा हजार रुपये एका वरच्या बर्थचे. हो, बर्थच. लोखंडी डबल पलंग, तिघं केरळचे, एक नेपाळी, एक पेशावरचा आणि मी, प्रत्येकाच्या बेडला जुन्या चादरीचा पडदा, उशाशी प्लग आणि त्या प्लगवरूनच सगळी भांडणं. किचनमध्ये माझी वेळ रात्री साडेनऊ ते दहा. पहिल्याच आठवड्यात मी सुका जवळा भाजला आणि तिघांनी खिडक्या उघडल्या, पेशावरवाला मात्र वाटी घेऊन आला. आमसुलाची सार केली तर सगळेच आले.

खाण्यावरून आठवलं, हे प्रत्येक आईने वाचावं. मी दिवाळीच्या आधी निघालो म्हणून आईने अनारसे केले, मालवणी मसाल्याची किलोभर पिशवी केली. शेजारचे चाचा 20 वर्षं आखातात राहून आलेले, त्यांनी दारातूनच ओरडून थांबवलं. अनारशावर खसखस, मसाल्यात खसखस, आणि यूएईत खसखशीला बंदी आहे, अमली पदार्थात धरतात, बॅगेत सापडली तर माणूस नोकरी शोधायच्या आधी जेलात. आईला पटेना, देवाच्या प्रसादाला लागते ती खसखस. शेवटी अनारसे वाडीत वाटले आणि मसाला खसखशीशिवाय नवीन कुटला. चाचा नसते तर, विचार करा. खोकल्याच्या आणि दुखण्याच्या काही गोळ्यांचंपण तसंच आहे, डॉक्टरांची चिठ्ठी आणि तिकडची परवानगी बघितल्याशिवाय नेऊ नका.

काम शोधणं म्हणजे काय तर सीव्हीच्या झेरॉक्स घेऊन मेट्रोने जायचं, पुढे फीडर बस, मग अल कूझच्या इंडस्ट्रियल एरियात शटर टू शटर. मी पहिल्या खेपेला गेलो तो शनिवारी, कारण गावातल्या जुन्या लोकांनी शुक्रवारची सुट्टी सांगितलेली. 2022 पासून तिकडे सरकारी ऑफिसांना शनिवार-रविवार सुट्टी झाली, बऱ्याच कंपन्यांनीपण तेच धरलं. दोन तास बंद शटरं बघत फिरलो, पाणी संपलं, एका वॉचमनने बसवलं आणि विचारलं मुलुख कुठला. ऑफिसं उघडी असली की पहिला प्रश्न व्हिसा स्टेटस काय, दुसरा इथला एक्सपिरियन्स आहे का. आयटीआय सर्टिफिकेट दाखवलं तर म्हणाले अटेस्टेड कुठे आहे. तिथे कळलं की मंत्रालय, मग दिल्लीचं परराष्ट्र खातं, मग यूएईची वकिलात असे तीन शिक्के आधी इकडेच मारून घ्यायचे असतात. भावाने कुरिअरने मागवून मुंबईला खेपा घातल्या, त्यात तीन आठवडे गेले. व्हिसा आणखी 30 दिवस वाढवून घ्यावा लागला, तो खर्च वेगळा.

नोकरी मिळाली ती कुठल्या वेबसाइटने नाही. अब्रा, म्हणजे खाडी ओलांडायची लाकडी होडी, 1 दिरहम तिकीट, दाभोळ-धोपावे फेरीची आठवण येते म्हणून मी संध्याकाळी उगाच फिरायचो. पलीकडे उतरून कडक चहा घेताना फोनवर घरी बोलत होतो तर बाजूचा माणूस म्हणाला, काय रे, खेडचा की चिपळूणचा. तो मेंटेनन्स कंपनीत सुपरवायझर, खेडकडचा. त्याने दुसऱ्या दिवशी कंपनीत नेऊन उभं केलं, 74 व्या दिवशी ऑफर आली, नंबरवाली. व्हिसाचा, परमिटचा सगळा खर्च कंपनीचा, तिकडच्या कायद्याप्रमाणे तो कामगाराकडून घेताच येत नाही. मी 85 हजार नक्की कशाचे दिले ते तेव्हा बसून विचार करत होतो.

आणि हिशोब घातला. बेड, जेवण, मेट्रो-बस, फोन, टायपिंग धरून दोन महिन्यांना साधारण साडेतीन हजार दिरहम लागतात, म्हणजे तेव्हाच्या रेटने 78-80 हजार. एजंटने घेतले जवळपास तेवढेच. माझ्या आजोबांना जे गावकीने दिलं त्याची जागा आता एजंटने घेतलीय, फक्त तो खोली देत नाही आणि वहीपण ठेवत नाही.

मंडळी म्हणतील मग दुबईत खोली घे गावाच्या नावाने. तशी घेता येत नाही, तिकडे एका खोलीत किती माणसं राहायची याचे नियम आहेत, पार्टिशन मारलेल्या खोल्यांवर 2025 मध्ये महापालिकेने देरा, सतवा अशा भागांत मोठी कारवाई केली, लोक रातोरात बाहेर. तीस माणसं आणि पेट्या जमणार नाही. पण वही जमेल ना? आमच्या वाडीचं मंडळ दर वर्षी क्रिकेटच्या टुर्नामेंटला किती उडवतं ते मी वर्गणी देतो म्हणून मला माहितीये, देवळाच्या जीर्णोद्धारालापण आखातातूनच पैसा आला, दिला, चांगलं झालं. त्यातलेच दोन लाख बाजूला ठेवा, जाणाऱ्या पोराला दोन महिन्यांचे उसने, पगार सुरू झाला की हप्त्याने परत. आणि तिकडे असलेल्या आम्हा पाच-सहा जणांपैकी एकाचा नंबर, निघायच्या आधी ऑफर लेटर त्याला दाखवायचं. पासपोर्टवर ईसीआर (कामाला परदेशी जायला सरकारी परवानगी लागते अशी) नोंद असलेल्या, म्हणजे साधारण दहावी न झालेल्या पोरांनी तर व्हिजिटवर जाऊच नये, कामाच्या व्हिसावर एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे तीच परवानगी, घेऊन गेलं तर विमा असतो, करार सरकारदरबारी नोंदलेला असतो.

संपादक साहेब, एक विनंती तुम्हालापण. पेपरांच्या छोट्या जाहिरातींत "गल्फसाठी त्वरित पाहिजेत" असं येतं, खाली फक्त मोबाईल नंबर. परदेशी भरती करणाऱ्या एजंटला परराष्ट्र खात्याचं लायसन्स लागतं, सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाइटवर नाव टाकलं की दिसतं, आणि त्याला फी 30 हजार अधिक जीएसटी याच्या वर घेता येत नाही. लायसन्स नंबर छापल्याशिवाय जाहिरात घेऊ नका. चार जाहिराती कमी होतील, माहितीये.

येत्या रविवारी देवळात वाडीची मीटिंग आहे, तिथे मी वहीचा विषय ठेवतोय. क्रिकेटवाले ओरडणार हे नक्की. कोकणात कुठल्या गावाने आधी असं काही केलं असेल तर तुमच्या पेपरातून कळवा, उसने परत कसे वसूल करतात ते मुख्य विचारायचंय.

आपला,
सुट्टीवर आलेला एक वाडीकर
ता. गुहागर, जि. रत्नागिरी