तो हमिंगबर्ड नव्हे!

महोदय,

गणपतीच्या सुमारास साताऱ्याकडची पठारे फुलली की ‘कासला हमिंगबर्ड दिसला’ अशा मजकुरासह छायाचित्रे फिरू लागतात आणि अधूनमधून त्यांची बातमीही होते. हमिंगबर्ड हे पक्षी केवळ उत्तर व दक्षिण अमेरिकेतच आढळतात. भारतात त्यांची एकही जात नाही. तेरड्यावर भिरभिरणारा हा जीव म्हणजे हॉक मॉथ, दिवसा उडणारा पतंग.

फुलापासून दोन-तीन बोटे अंतर राखून तो हवेत जागच्या जागी तरंगतो, डोक्याखाली गुंडाळलेली सोंड उलगडून तेरड्याच्या पाठीमागच्या बारीक नळीतला मधुरस ओढतो आणि फुलावर न टेकताच मागे सरून पुढचे फूल गाठतो. पोटाच्या टोकाचा केसाळ झुपका पसरला की तो थेट पक्ष्याच्या शेपटीसारखा भासतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यात अकरा वर्षे काढलेल्या हेन्री वॉल्टर बेट्स या निसर्गअभ्यासकानेही पक्षी समजून असे पतंग बंदुकीने टिपले होते, तेव्हा हौशी पर्यटकांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. छापणाऱ्यांनी मात्र छायाचित्र जरा मोठे करून पाहावे. डोक्यावर दोन मिशा दिसल्या की पक्ष्याचा प्रश्नच उरत नाही.

नेमकी जात ठरवणे याहून अवघड आहे, कारण बहुतेक छायाचित्रांत पंखांच्या जागी नुसता धूसर पट्टा उमटतो. मागचे पंख नारिंगी असतील तर शोध एका गटाकडे वळतो. पंख काचेसारखे आरपार असतील तर तो बहुधा सेफोनोड्स हायलस असतो. कोशातून बाहेर येताना याच्या पंखांवर करडे खवले असतात, पण पहिल्याच उड्डाणात ते झडून जातात. याची अळी आपल्या परसातल्या अनंताच्या पानांवर वाढते. तिच्या मागच्या टोकावरचे शिंग नांगी समजून लोक तिला चिरडतात, वास्तविक ते शिंग अगदी निरुपद्रवी असते.

वाचकांची अशी छायाचित्रे छापताना ठिकाण, वेळ आणि फुलाचे नाव आवर्जून द्यावे, शक्य तर बाजूने घेतलेले छायाचित्र मागवावे. जात ठरत नसेल तर ‘हॉक मॉथ’ एवढी ओळ पुरेशी आहे.

आपला,
एक वाचक, सातारा